कूलरच्या टाकीतला समुद्र
क्षाराच्या पाण्यापासून घरातील उपकरणे कशी वाचवावीत?

मृगाचा पहिला पाऊस पडून गेला की लोहारा आणि आसपासच्या गावांतून घरोघरी एक काम निघते. खिडकीतला कूलर उतरवायचा आणि माळ्यावर नाही तर जिन्याखाली टाकायचा. दोघे जण दोन बाजूंनी कूलर धरतात, उचलतात, आणि टाकीचा तळ तपकिरी पापुद्रे होऊन तिथेच खाली पडतो. मग "पत्राच हलका होता" असे म्हणून आपण कूलर बनविणाऱ्याला दोष देतो आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा नवी टाकी बसवून घेतो.

पत्रा हलका असेलही. परंतु जाड पत्र्याची टाकीसुद्धा काही हंगामांत अशीच जाते, हे आपण पाहतो. दोष पुष्कळदा पाण्याचा आणि त्याहून अधिक आपल्या सवयीचा असतो. ही सवय बदलायला पैसे फारसे लागत नाहीत. थोडी माहिती आणि रोजची दहा मिनिटे लागतात. कूलर, गिझर, मोटार वापरणारी कुटुंबे आणि ही यंत्रे बनविणारे व दुरुस्त करणारे आपले कारागीर बांधव या दोघांनाही ही माहिती उपयोगी पडेल. विषय केवळ पत्र्याच्या पैशाचा नाही. पत्रा गेला तर पैसे जातात, पण गंजलेल्या कूलरमध्ये वीज उतरली तर माणूस जातो. उन्हाळ्यात कूलरच्या धक्क्याने मृत्यू झाल्याच्या बातम्या आपण वाचतो, आणि त्यांत पाणी भरायला गेलेल्या बाया-मुलांची नावे असतात.

समुद्र लोहाऱ्यात कसा आला?

लोहाऱ्यापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. तरीही या लेखाचे नाव आम्ही मुद्दाम असे ठेवले आहे. मुंबईत मरीन ड्राईव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले. तेव्हापासून समुद्री मासे काचेच्या टाकीत ठेवण्याची गोष्ट सामान्य माणसाला ठाऊक झाली. अशी खाऱ्या पाण्याची टाकी हौसेने घरात ठेवणाऱ्यांना एक त्रास हमखास होतो. टाकीतून उडालेले थेंब सुकतात, त्यांचे पांढरे मीठ होते, ते मीठ काठावरून, वायरीवरून, खिळ्या-स्क्रूवरून हळूहळू पुढे सरकते आणि जवळचे लोखंडी स्टँड, दिव्याची पट्टी, प्लगच्या पिना खाऊन टाकते. जो त्रास त्यांना समुद्राच्या पाण्याने होतो, तोच आपल्याला बोअरच्या पाण्याने होतो. कसा, ते हिशेब करून पाहू.

आपला भाग काळ्या बेसॉल्ट खडकाचा. पावसाचे पाणी या खडकाच्या भेगांतून मुरते आणि जाताना कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम वगैरेंचे क्षार सोबत घेते. म्हणून बोअरचे पाणी बहुधा जड असते. डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांना टी.डी.एस. म्हणतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे (आय.एस. १०५००) एका लिटरमध्ये ५०० मिलीग्रॅमपर्यंत क्षार असणे योग्य, आणि दुसरे पाणीच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावे, असे आहे. आपण मधला आकडा धरू. समजा तुमच्या बोअरच्या पाण्यात लिटरला १००० मिलीग्रॅम, म्हणजे १ ग्रॅम क्षार आहेत.

कूलरची टाकी ५० लिटरची आहे आणि दिवसभरात ५० लिटर पाणी वाफ होऊन जाते. रोज तुम्ही ५० लिटर पाणी वरून भरता. येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. वाफ होऊन जाते ते फक्त पाणी. क्षाराचा एक कणही वाफेबरोबर जात नाही. म्हणजे रोज ५० ग्रॅम क्षार टाकीत मागे राहतात. आधीचे ५० ग्रॅम होतेच. तीस दिवसांत त्या टाकीत १५५० ग्रॅम, म्हणजे दीड किलोहून जास्त क्षार जमतात. ५० लिटरला १५५० ग्रॅम म्हणजे लिटरला ३१ ग्रॅम. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात!

यांतला बराच भाग पांढरी खपली होऊन ताट्यांवर आणि टाकीच्या कडेला बसतो. सगळा पाण्यात राहत नाही. परंतु जो राहतो त्यात क्लोराइडचे, म्हणजे मिठाच्या जातीचे क्षार असतात. ते सहजासहजी खपली होऊन बसत नाहीत, पाण्यातच राहतात, आणि लोखंडाचे खरे शत्रू तेच आहेत. महिनाभर टाकी न उपसता वरून पाणी भरत राहणारा माणूस आपल्या खिडकीत एक लहानसा समुद्र पाळत असतो.

लोहारा तालुक्यात कूलर आता चैनीची वस्तू राहिलेली नाही, त्यालाही कारण आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला. सास्तूर आणि पलीकडे किल्लारी परिसरातील गावेच्या गावे कोसळली. दगड-मातीच्या जाड भिंतींची घरे गेली आणि पुनर्वसनात सिमेंट-काँक्रीटची घरे आली. जुन्या घराच्या रुंद भिंती जिवावर उठल्या हे खरे, पण उन्हाळ्यात त्या गारवा देत असत. काँक्रीटचे छत दिवसभर तापते आणि रात्रभर उष्णता सोडत राहते. तेव्हा कूलर ही गरजच झाली.

गंज धरतो म्हणजे काय होते?

लोखंडाला गंज धरायला पाणी आणि हवेतील प्राणवायू दोन्ही लागतात. एक नसेल तर गंज धरत नाही. पाण्यात क्षार असले की त्या पाण्यातून वीज सहज वाहते, आणि गंजण्याची क्रिया मुळात विजेचीच क्रिया असल्याने तिला वेग येतो. शिवाय क्लोराइड धातूवरचा संरक्षक थर भेदते. त्यामुळे गंज सगळीकडे सारखा न पसरता एका ठिकाणी भोक पाडतो. टाकीचा बाकी पत्रा चांगला दिसतो आणि एका कोपऱ्यातून पाणी ठिबकते, ते याचमुळे.

टाकीत सर्वांत आधी कोठे गंजते, ते पाहा. पाण्याच्या पातळीची रेघ, तळाचे कोपरे, रिव्हेट आणि स्क्रूची भोके, पत्र्याची कापलेली कड. पाण्याच्या रेघेवर पाणी, हवा आणि सुकलेला क्षार तिन्ही एकत्र येतात. कोपऱ्यात गाळ बसतो आणि गाळाखाली ओल कायम राहते. भोके आणि कडा येथे पत्र्यावरचे जस्त निघालेले असते.

जस्ताचे काम समजून घेण्यासारखे आहे. १८२४ साली इंग्लंडचे शास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांनी जहाजांच्या बुडाला लावलेला तांब्याचा पत्रा समुद्राच्या पाण्यापासून वाचविण्याची युक्ती शोधली. तांब्याला जस्ताचा किंवा लोखंडाचा तुकडा जोडला, तर तो तुकडा स्वतः झिजतो आणि तांबे वाचते, असे त्यांना आढळले. पुढे १८३७ मध्ये फ्रान्समधील सोरेल यांनी लोखंडावर जस्ताचा थर चढविण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. आपला जस्ती पत्रा तो हाच. जस्त दोन प्रकारे काम करते. पांघरूण होऊन लोखंड झाकते, आणि ओरखडा पडला तर लोखंडाऐवजी स्वतः झिजते.

आपल्या कल्हईवाल्याचे काम मात्र फक्त पांघरुणाचे. तांब्या-पितळेच्या भांड्याला तो नवसागर लावून कथलाचा थर देतो. थर अखंड आहे तोवर आंबट पदार्थ कळकत नाही, थर फाटला की पुन्हा कल्हई करावी लागते. जस्त फाटल्यावरही काही काळ झुंजते. पण जस्त कायमचे नाही. खाऱ्या पाण्यात ते लवकर संपते, आणि ते संपले की लोखंडाची पाळी येते.

यावरून कारागिरांनी एक धडा घ्यावा. जस्ती टाकीला पितळेचा नळ किंवा बोल्ट थेट बसवू नये. खाऱ्या पाण्यात पितळ आणि जस्ती पत्रा एकमेकांना टेकले की पितळ शाबूत राहते आणि भोवतालचा पत्रा झपाट्याने जातो. नळ प्लॅस्टिकचा वापरावा. पितळेचाच बसवायचा असेल तर दोन्ही बाजूंनी रबरी वायसर आणि मधल्या भोकात प्लॅस्टिकची नळी घालावी.

रोजची दहा मिनिटे

मुख्य नियम एकच आहे. रोज जेवढे क्षार टाकीत आले, तेवढे रोज बाहेर जाऊ द्यावेत. आपल्याकडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तेथे टाकीभर पाणी फेका असे सांगणे शहाणपणाचे होणार नाही. म्हणून पाणी कमी जाईल अशी पद्धत सांगतो.

१. शेवटचे पाणी बेताने भरावे, म्हणजे कूलर बंद करतेवेळी टाकीत आठ-दहा लिटरच उरेल. पंप उघडा पडून कोरडा चालणार नाही एवढे पाणी मात्र असावे.

२. पंखा बंद करून दहा मिनिटे नुसता पंप चालू ठेवावा. ताट्यांवर जमलेले क्षार त्या पाण्याने धुऊन टाकीत उतरतात. पंखा चालू ठेवून पंप आधी बंद करण्याची सवय वाईट. त्याने ताट्या वाळतात आणि क्षार तेथेच घट्ट बसतात.

३. प्लग काढावा. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. मग तळाचे बूच काढून उरलेले पाणी बादलीत घ्यावे.

हिशेब पाहा. ५० लिटर वाफ झाले, १० लिटर काढले, म्हणजे रोज ६० लिटर भरले. त्यातून आलेले ६० ग्रॅम क्षार त्या १० लिटरबरोबर बाहेर गेले. टाकीतले पाणी दिवसाच्या शेवटी लिटरला ६ ग्रॅमच्या वर जात नाही, म्हणजे समुद्राच्या सुमारे सहाव्या हिश्श्यावर थांबते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते. दहा लिटर पाण्यात एक टाकी वाचते.

हे दहा लिटरही वाया घालवू नयेत. संडासात ओतायला किंवा अंगण शिंपडायला ते चालते. कुंडीतल्या झाडांना घालू नये, कारण माती खारावते. घराचे बांधकाम चालू असेल तर सिमेंट कालवायला किंवा स्लॅबवर मारायला हे पाणी कदापि वापरू नये. लोखंडी सळई असलेल्या काँक्रीटसाठी वापरायच्या पाण्यात लिटरला ५०० मिलीग्रॅमपेक्षा अधिक क्लोराइड नसावे, असे भारतीय मानक (आय.एस. ४५६) सांगते. टाकी खाणारा क्षार सळईही खातो, आणि भूकंप पाहिलेल्या लोकांना सळईचे मोल वेगळे सांगायला नको.

आणखी एक चूक अलीकडे दिसते. घरात पाणी शुद्ध करायचे आर.ओ. यंत्र असते. त्यातून बाहेर पडणारे पाणी वाया जाऊ नये म्हणून ते कूलरमध्ये ओततात. हेतू चांगला आहे. परंतु तीन लिटरपैकी एक लिटर शुद्ध होऊन निघाले, तर उरलेल्या दोन लिटरांत जवळपास सगळे क्षार राहतात, म्हणजे ते पाणी मूळ पाण्याच्या दीडपट खारे होते. ते फरशी पुसायला आणि संडासात वापरावे. कूलरला सर्वांत चांगले पाणी पावसाचे, त्यानंतर कमी क्षाराचे नळाचे आणि सर्वांत शेवटी बोअरचे.

कूलर पावसाळ्यात सडतो

आपल्याला वाटते की कूलर उन्हाळ्यात पाण्याने खराब होतो. मोठे नुकसान पुढे पावसाळ्यात होते, ते आपल्या नजरेआड. मीठ कोरडे असताना शांत असते. हवेतील ओलावा सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेला की साधे मीठ हवेतले पाणी ओढून ओले होते. पावसाळ्यात बरणीतले मीठ पाझरते, तेच हे. मॅग्नेशियमचे काही क्षार तर याहून पुष्कळ कमी ओलाव्यातही पाझरतात. न धुता माळ्यावर टाकलेल्या कूलरमध्ये क्षाराची खपली तशीच असते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत ती ओली राहते आणि पत्रा खात बसते.

म्हणून कूलर उतरवला त्याच दिवशी हे करावे. पंप आणि पंख्याची मोटार काढून घ्यावी. जुन्या ताट्या टाकून द्याव्यात, त्यांत किलोकिलोने क्षार असतात. टाकी साध्या पाण्याने दोन वेळा घासून धुवावी आणि शेवटचे पाणी पावसाचे असल्यास उत्तम. तारेच्या घासणीने घासू नये, जस्त निघते. नंतर कूलर उन्हात खडखडीत वाळवावा. गंजलेली जागा कागदाने घासून, धूळ पुसून तिला आधी प्रायमर द्यावा. जस्ती पत्र्यावर नेहमीचा ऑइलपेंट थेट लावला तर तो काही दिवसांत पापुद्रे होऊन सुटतो. त्यासाठी जस्ती पत्र्याचा वेगळा प्रायमर मिळतो, तो मागून घ्यावा. टाकीच्या आतून डांबरी काळा रंग किंवा इपॉक्सी रंग द्यावा आणि पूर्ण वाळू द्यावा. उघड्या जागी रंगवावे, बंद खोलीत नाही.

खपली काढण्यासाठी काही जण बाथरूम धुण्याचे तेजाब ओततात. ते क्षणात खपली काढते आणि त्याबरोबर जस्तही काढते. मागे राहते ते क्लोराइडच. पंपाची प्लॅस्टिकची चाकी, जाळी, नळ्या यांवरील पांढरा थर किराणा दुकानातील लिंबूसत्वाच्या पाण्यात भिजवून काढावा आणि साध्या पाण्याने धुवावे. पत्र्याला लिंबूसत्वही लावू नये.

विजेशी गाठ

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. क्षाराने पंपाच्या वायरीचे आवरण, टेपचे जोड आणि मोटारीचे बोल्ट खराब होतात. एके दिवशी फेजची वायर पत्र्याला किंवा पाण्याला लागते. खारे पाणी विजेला चांगली वाट देते. ओल्या हाताने, अनवाणी उभ्या असलेल्या माणसाचे शरीर पुढची वाट होते.

प्लॅस्टिकचा कूलर असेल तर धोका नाही, असे कोणी समजू नये. बॉडीत वीज उतरत नसली तरी टाकीतल्या पाण्यात उतरू शकते.

बचावाचे तीन पहारे आहेत. पहिला पहारा सवयीचा. प्लग काढल्याशिवाय पाणी भरायचे नाही, कूलरला हात लावायचा नाही, आणि हे घरातील लहान मुलांनाही शिकवायचे. दुसरा पहारा अर्थिंगचा. तीन पिनांचा प्लग असावा आणि हिरवी वायर कूलरच्या बॉडीला घट्ट कसलेली असावी. अर्थिंग नाही म्हणून काही ठिकाणी सॉकेटची अर्थची पिन न्यूट्रलला जोडून देतात. हा जुगाड जीवघेणा आहे. न्यूट्रल कोठे तुटली तर कूलरचा सगळा पत्रा जिवंत होतो. तिसरा पहारा आर.सी.सी.बी. नावाच्या स्विचचा. गेलेली वीज आणि परत आलेली वीज यांत ३० मिलीअँपिअरचा फरक पडला की तो क्षणार्धात पुरवठा तोडतो. महिन्यातून एकदा त्याचे चाचणीचे बटण दाबून तो पडतो की नाही ते पाहावे.

अर्थिंगबाबत एक गंमत आहे. वीज जमिनीत नीट उतरावी म्हणून आपण खड्ड्यात मीठ आणि कोळसा घालतो. तेच मीठ खड्ड्यातील जस्ती पाइप किंवा पट्टी खाते. दहा वर्षांपूर्वीचे अर्थिंग आज असेलच असे नाही. वर वायर दिसते आणि खाली पाइप गेलेला असतो. म्हणून वायरमनकडून मीटर लावून अर्थिंग तपासून घ्यावे आणि उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी घालावे. नवीन अर्थिंग करताना मिठाऐवजी बेंटोनाइटची माती वापरता येते. ती ओल धरते आणि पाइपही खात नाही.

समुद्री माशांची टाकी ठेवणाऱ्यांकडून घेण्यासारखी एक बिनपैशाची युक्ती आहे. प्लगपर्यंत जाणारी वायर सरळ ताणून नेऊ नये. सॉकेटच्या खाली तिला झोल द्यावा, म्हणजे वायरीवरून ओघळणारा थेंब झोलाच्या खालच्या टोकाशी येऊन जमिनीवर पडतो, सॉकेटमध्ये शिरत नाही. सॉकेट कूलरच्या खाली किंवा मागे कधीच नसावे.

गिझर, फिटिंग आणि दुकान

गिझरच्या लोखंडी टाकीत बहुतेक वेळा मॅग्नेशियमची एक कांडी असते. डेव्हींच्या जस्ताप्रमाणे ती स्वतः झिजून टाकीला वाचवते. ही कांडी असते हेच पुष्कळांना माहीत नसते. ती संपली की टाकीची पाळी येते. जड पाण्याच्या गावात दरवर्षी कांडी पाहावी, बारीक झाली तर बदलावी आणि त्याच वेळी कॉइलवरची खपली काढावी. खपली बसलेली कॉइल पाण्याला उष्णता नीट देत नाही, वीज जास्त खाते आणि जळते. तांब्याची नळी थेट लोखंडी पाइपला जोडू नये, मध्ये प्लॅस्टिकचा जोड द्यावा.

किराणा दुकानदारांनी मिठाच्या गोण्या लोखंडी घोडीला किंवा शटरला टेकवून ठेवू नयेत. खाली लाकडी पाट घालावा. तेजाबाच्या बाटल्या, बूच घट्ट असले तरी, हत्यारांच्या कपाटात ठेवू नयेत. त्यांच्या वाफेने पान्हे, ड्रिल, तराजू सगळे लाल होते. चामडे मीठ लावून साठवणाऱ्यांनी वजनकाटा आणि विजेचा बोर्ड त्या खोलीबाहेर ठेवावा.

कारागीर बांधवांसाठी

आपल्या समाजातील अनेक तरुण वेल्डिंग, फिटिंग, मोटार वाइंडिंग आणि कूलर दुरुस्तीच्या धंद्यात आहेत. त्यांचा धंदा मार्च ते मे एवढाच चालतो, तोही मोडले की जोडायचे असा. वर सांगितलेल्या कामांत वर्षातून दोनदा येणारा नियमित धंदा आहे. हंगामापूर्वी तपासणी आणि हंगामानंतर धुऊन, रंगवून, बांधून ठेवणे. जूनचे महिने रिकामे जातात, तेथे हे काम येते.

यासाठी तीन गोष्टी कराव्यात. पहिली, पेनाएवढा टी.डी.एस. मीटर जवळ ठेवावा. ग्राहकासमोर त्याच्या पाण्याचा आकडा काढून दाखवावा. हा मीटर एकूण क्षार अंदाजाने सांगतो. पाणी पिण्यास योग्य आहे की नाही हे तो सांगत नाही, तेव्हा तसे कोणाला सांगू नये. दुसरी, वही ठेवावी. कोणाचा कूलर, पाण्याचा आकडा किती, पत्रा कोणता, पंप केव्हा बदलला, अर्थिंग तपासले का, हे लिहावे. पुढच्या वर्षी फोन करायला तीच वही कामी येते. तिसरी, मालाविषयी खरे सांगावे. पाणी फार खारे असेल तर पातळ पत्र्याची टाकी टिकणार नाही हे विकण्याआधी सांगावे. नुसते 'स्टील' म्हणून विकू नये. २०२ आणि ३०४ या प्रतींत फरक आहे, क्लोराइडपुढे २०२ लवकर हार खाते, आणि उपसा केला नाही तर ३०४ वरही डाग आणि खड्डे पडतात. खरे सांगितल्याने एखादे गिऱ्हाईक जाईल. पण टाकी टिकली तर त्याच घरातून चार गिऱ्हाइके येतात.

आणि ज्या कूलरचे अर्थिंग नाही तो चालू करून देऊ नये. मजुरी बुडाली तरी चालेल.

घरी करून पाहा

मुलांना हा धडा डोळ्यांनी दाखवता येतो. तीन काचेचे पेले घ्या. पहिल्यात पावसाचे किंवा साधे पाणी आणि एक साधा लोखंडी खिळा. दुसऱ्यात तेवढेच पाणी, चमचाभर मीठ आणि तसाच खिळा. तिसऱ्यात मिठाचे पाणी आणि नवीन जस्ती तार घट्ट गुंडाळलेला खिळा. आठ दिवस झाकण न घालता ठेवा. पहिले दोन लाल होतील. तिसऱ्यातील खिळा तारेतले जस्त शिल्लक आहे तोवर बराचसा वाचेल आणि तारेवर पांढरी भुकटी दिसेल. ती भुकटी म्हणजे जस्ताने दिलेली किंमत.

माकणीच्या धरणाचे पाणी असो की बोअरचे, आपल्या वाट्याला आलेले पाणी आपण बदलू शकत नाही. त्यातले क्षार घरात साठू द्यायचे की रोज बाहेर काढायचे, एवढे मात्र आपल्या हातात आहे. आज संध्याकाळी कूलरचा प्लग काढा, तळाचे बूच उघडा आणि निघालेल्या पाण्याचा रंग पाहा. मग हिरवी वायर कोठवर गेली आहे तेही पाहा. ती मध्येच संपत असेल, तर उद्या सकाळचे पहिले काम वायरमनला बोलावण्याचे.